जाते म्हणायचं नसतं

५ जानेवारी, सोमवार

अभिनंदन, स्मिता. एकोणीस वर्षांनी नोकरी लागली. वीस दिवसांची!

मॅरेथॉन भरवणाऱ्या कंपनीतून कशफचा फोन. ही माझी नवी बॉस — लाहोरची, वय एकोणतीस, दर दोन वाक्यांमागे एक ‘यल्ला’, म्हणजे चला. “स्मिता जी, आप सचमुच जापानी बोल लेती हैं ना?” म्हटलं, बोलते की. पुण्यात चार वर्षं शिकले, मग तीन वर्षं चाकणच्या कारखान्यात जपानी साहेबांच्या मागे हेल्मेट घालून फिरले. ते ओरडायचे, मी ते मराठीत गोड करून सांगायचे. हे सगळं लग्नाआधीचं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जपानहून एक बाई येणार, पळणार, तिचं बोलणं आपण इंग्रजीत करायचं. “इन्शाल्ला सब ठीक होगा,” म्हणाली. इथे आखातात कोणी इन्शाल्ला म्हटलं की मी थोडी काळजी करायला लागते.

मुरलीधरला सांगितलं. टीव्हीवरून नजर न हलवता नवरोबा म्हणाले, “बरं झालं. तेवढाच तुझा वेळ जाईल.” माझ्या वेळेची या माणसाला फार काळजी. दिया म्हणाली, “मॉम, दॅट्स काइंड ऑफ कूल.” सतरा वर्षांच्या मुलीकडून ‘काइंड ऑफ’ मिळालं म्हणजे सत्कारच समजायचा.

७ जानेवारी, बुधवार

पाहुणीची फाइल आली. सातोए हिरानुमा, वय सदतीस, बर्फाळ भागातल्या कुठल्याशा गावची. अठराव्या वर्षी नळाचे वॉशर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली — पळायच्या. तिकडे कंपन्यांच्या म्हणे बायकांच्या पळायच्या टीम असतात. पहाटे पळा, दुपारपर्यंत ऑफिसात बसा, संध्याकाळी पुन्हा पळा. ही ऑफिसात स्टेशनरी मागवायचं काम बघते. अडीच तासांच्या आत बेचाळीस किलोमीटर पळणारी बाई तिथे स्टेपलरच्या पिना वाटते!

पहिली आठ वर्षं रिलेमध्ये गेली. सहा बायका, खांद्यावरून घ्यायचा एक कापडी पट्टा, तो एकीने दुसरीच्या हातात द्यायचा. हिचा कायम तिसरा टप्पा. पहिलीचा फोटो येतो, सहावीचा येतो. तिसरीचा कोण काढणार? सव्विसाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन. एकोणतिसाव्या वर्षी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, दोन तास चोवीस मिनिटं. मोठ्या स्पर्धेसाठी तिघी निवडायच्या होत्या, ही चौथी आली. मग ‘राखीव’ म्हणून टीमबरोबर गेली. पुढच्या खेपेलाही राखीव. दोन्ही वेळा बूट बांधून तयार बसली आणि कोणाचाही पाय मुरगळला नाही. त्यानंतर हिच्याच पायाचं हाड दोनदा पिचलं. गेल्या चार शर्यतींत दर वेळी आधीपेक्षा दोन-तीन मिनिटं उशीर.

तरी पळतेय. ती एकोणीस वर्षं पळतेय आणि मी एकोणीस वर्षं बसलेय. ज्याने कोणी आमची जोडी जमवली त्याला विनोद कळतो.

१० जानेवारी, शनिवार

विमानतळावर गेले. “प्रवास कसा झाला?” हे वाक्य आठवडाभर घोकलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते चाकणचं — “माल उशिरा पोचल्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.” विमान दीड तास उशिरा आलं होतं, त्यामुळे ते खपून गेलं. बाई कमरेत वाकली. मीही वाकले. माझ्या कमरेचा आवाज झाला, तिच्या नाही.

बाई लहानखुरी. अंगावर मांस असं नाहीच. तोंडावर मी हिरानुमासान म्हणायचं, इथे सातोए. सोबत साठीचे एक गृहस्थ, ओगुरा नावाचे — हे तिचे ‘कान्तोकु’, म्हणजे टीमचे सर्वेसर्वा. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू देत नाहीत. इंग्रजी येत नाही. त्यांनी मला वाकून एवढा मान दिला की संशयच आला.

व्हॅनचा ड्रायव्हर भिकाजी, देवगडकडचा, बावीस वर्षं आखातात. “वैनी, तुम्ही पुण्याच्या? मग पुढे बसा, मागे एसी जास्त लागतो.” पुण्याचा आणि एसीचा संबंध मला अजून कळलेला नाही.

१२ जानेवारी, सोमवार

पहाटे पाच. फोनवर धुक्याचा इशारा. समोरची बिल्डिंग गायब, खाली रस्ता गायब, आणि ही बाई म्हणते पळते. अशा वेळी आमच्या रीम आयलंडवर शहाणी माणसं उशी दुसऱ्या बाजूला वळवतात.

समुद्राकाठच्या रस्त्याने ती पळाली पंचवीस किलोमीटर, आम्ही व्हॅनमधून मागे. मध्ये पाणी देताना मी विचारते, “दाइजोबु?” ती म्हणते, “दाइजोबु.” हा शब्द फार सोयीचा आहे. ‘ठीक आहे’ पण होतो आणि ‘नको’ पण होतो, काय घ्यायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. शेवटी थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “मो जूबुन देस्.” म्हणजे आता पुरेसं झालं. मी कशफला लगेच मेसेज केला — तयारी एकदम पुरेशी आहे. कशफने तीन आगीची चित्रं पाठवली.

परत येताना तिने विचारलं, जपानी कुठे शिकलात? सांगितलं सगळं. पुणं, चाकण, लग्न. मुरलीधरची बदली झाली तेव्हा मी माझ्या नोकरीचं विचारलं होतं, तो म्हणाला होता, “बघू, तिकडे गेल्यावर.” तो ‘बघू’ अजून चालू आहे. हसून सांगितलं. ती हसली नाही. “एकोणीस वर्षांनी काम?” असं दोनदा विचारलं आणि मग व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मला वाकून नमस्कार केला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

भिकाजी तिच्याशी फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपवर बोलतो. मराठीत बोलायचं, फोन जपानी बोलतो. काय बोलतो देव जाणे, पण त्याच्याशी बोलताना ती खुदकन हसते. मी बोलले की वाकते. पदवी माझ्याकडे आहे!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. कान्तोकुंना तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. त्यांनी वास घेतला आणि लाडू रुमालात बांधून खिशात ठेवला. सातोएने एकामागून एक तीन खाल्ले, शर्यतीला दहा दिवस असताना. मी म्हटलं, तुमचं वजन? म्हणाली, “दाइजोबु.” काय जिद्द आहे.

१८ जानेवारी, रविवार

माझ्या मैत्रिणीकडे, अपर्णाकडे हळदीकुंकू. सत्ताविसावा मजला, एकवीस बायका, पाच प्रकारचं खाणं आणि सगळ्या म्हणणार — मी काही खात नाही हं. सातोएचा आज सुट्टीचा दिवस, तिला घेऊन गेले. मिरवायलाच नेलं, खोटं कशाला बोलू.

तिला कुंकू लावलं, अत्तर लावलं, हातात वाण दिलं. वाण म्हणजे यंदा चहाची गाळणी, स्टीलची. एवढ्या वर्षांत मी वाण घेताना कोणाचा चेहरा असा खुललेला पाहिला नाही. आपल्या बायका वाण घेतानाच ठरवतात पुढच्या वर्षी ते कोणाला खपवायचं. ही मात्र गाळणी उजेडात धरून बघत होती. सोफ्यावर बसून बायकांना एकच प्रश्न विचारला, मी भाषांतर केलं — तुम्ही सकाळी किती वाजता उठता? अपर्णा म्हणाली साडेसात, शनिवारी नऊ. सातोएने ते “नऊ” अगदी हळू आवाजात स्वतःशी म्हटलं. सगळ्या हसल्या. ही काय, तपश्चर्या करणारी बाई, हिला नऊ वाजता उठणं म्हणजे नवलच.

निघताना गंमत झाली. एकेक बाई दारात जाऊन “येते हं” म्हणते आणि जाते. हिने विचारलं, काय म्हणतात? समजावलं, की आपल्यात ‘जाते’ म्हणायचं नसतं. अशुभ. जाणारी बाई येते म्हणते. कोणी चुकून जाते म्हणालीच तर घरातलं कोणीतरी धावत येऊन दुरुस्त करतं. ती म्हणाली, आमच्याकडेही तसंच! घरातून निघताना ‘इत्तेकिमास्’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘जाऊन येते’. मी चार वर्षं शिकताना हा शब्द हजार वेळा घोकला असेल, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, “आणि खरंच जायचं असेल तर? परत यायचं नसेल तर मराठीत काय म्हणतात?”

मी म्हटलं, तेव्हाही येतेच म्हणतात. ती गाळणी हातात फिरवत राहिली. लिफ्टमध्ये तिने अपर्णाच्या दाराकडे वाकून “येते” म्हटलं. उच्चार माझ्या पोटच्या मुलीपेक्षा चांगला.

२१ जानेवारी, बुधवार

आज कान्तोकुंचं खरं रूप दिसलं.

हॉटेलच्या लॉबीत मला बाजूला घेतलं. उद्या पत्रकार परिषद आहे. म्हणाले, शनिवारची शर्यत हिरानुमाची शेवटची. कंपनीची मार्चपासूनची कागदपत्रं तयार आहेत, ती पूर्णवेळ ऑफिसात जाईल. जपानात जाहीर केलं तर फार गडबड होते, म्हणून इथे शांतपणे. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “इन्ताइ हा शब्द तिला स्वतःला म्हणता येणार नाही. ती आभार मानेल आणि थांबेल. तो शब्द इंग्रजीत तुम्ही म्हणा. ओनेगाइशिमास्, एवढी विनंती.” आणि वाकले.

इन्ताइ म्हणजे निवृत्ती. म्हणजे बघा, बाई एकोणीस वर्षं हाडं मोडून घेणार, हे ऑफिसात बसून तिला स्टेपलरच्या पिनांकडे परत धाडणार, आणि ते तिच्या तोंडून वदवायचीसुद्धा हिंमत नाही. ते काम भाड्याने आणलेल्या बाईकडून करून घ्यायचं!

मी तोंडावर म्हटलं, “बघते.” त्यांना वाटलं होकार दिला.

घरी येऊन मुरलीधरला सांगितलं. म्हणाला, “तुला काय करायचंय? ते म्हणतील ते भाषांतर कर आणि मोकळी हो.” घरी बसवण्याच्या बाबतीत जगभरचे पुरुष एकमेकांना न भेटताही एकमताचे असतात.

२२ जानेवारी, गुरुवार

झालं ते तसंच लिहिते.

सहा पत्रकार, सगळे इथले. जपानी कळणारी त्या खोलीत त्या दोघांशिवाय मी एकटी. सातोए उभी राहिली, वाकली, बोलली. कंपनीचे, गावाचे, टीममधल्या मैत्रिणींचे आभार. पायाच्या डॉक्टरांचे आभार. मी इंग्रजीत करत गेले, झकास जमत होतं. शेवटी म्हणाली, “परवा, इत्ते माइरिमास्.” आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं.

अशी नजर मी विसरणार नाही. सगळं त्या नजरेत होतं — तो शब्द म्हणू नका. नका हो म्हणू.

कान्तोकु खाली बघत होते. खोलीतला एसी घुंऽ वाजत होता. इत्ते माइरिमास् म्हणजे तेच ते, इत्तेकिमास्, थोडं नम्रपणे. माझ्या डोक्यात अपर्णाच्या दारातल्या बायका. तोंडातून गेलं — “आय विल गो अँड कम.” शाळेपासून आपण सगळे इंग्रजीत हेच म्हणतो. इंग्रजीत ते असं नसतं हे तोंडातून गेल्यावर आठवलं.

एक पत्रकार ताडकन म्हणाला, “सो शी इज कमिंग बॅक? नेक्स्ट इयर?”

मी म्हटलं, “यस.”

पहिलं वाक्य चुकून गेलं. दुसरंही चुकून गेलं, असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. ते चुकून नव्हतं. बरं वाटलं! एकोणीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कान्तोकुंना वाटलं मी तो शब्द म्हटला, कारण टाळ्या वाजल्या. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मीही केला, निर्लज्जपणे.

२४ जानेवारी, शनिवार

शर्यत. दोन तास एक्केचाळीस मिनिटं, नंबर तेरावा. पुढच्या बाराजणींमध्ये हिच्या वयाची एकही नव्हती.

तीस किलोमीटरनंतर चाल तुटली. भिकाजी रस्त्याच्या कडेला थर्मास घेऊन उभा, जसं काही ती चहाला थांबणार होती. तिने त्याला हात केला. रेषा ओलांडली तेव्हा चेहरा असा उजळला की मी म्हटलं, बघा, ही हरलेली नाही. पुढच्या वर्षीचं ठरवूनच हसतेय.

कान्तोकुंनी तिला फुलांचा केवढा गुच्छ दिला. तेराव्या नंबरला! आणि स्वतः रडले. नाटकी माणूस. कशफला म्हटलं, ये क्या ड्रामा है? ती म्हणाली, “हबीबी, फोटो कमाल का आया है.”

२५ जानेवारी, रविवार

विमानतळ. कान्तोकु ट्रॉली आणायला गेले. सातोएने भिकाजीचे दोन्ही हात हातात घेतले. मग माझ्याकडे आली. सरळ उभी राहिली आणि एकेक अक्षर सुटं करत मराठीत म्हणाली, “स्मितासान. जाते.”

मी चटकन म्हटलं, “जाते नाही, येते म्हणायचं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. भिकाजी काहीतरी बोलायला गेला, मी म्हटलं, थांबा हो, शिकू दे तिला नीट. मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “येते.”

शहाणी आहे. एकदा सांगितलं की कळतं.

२७ जानेवारी, मंगळवार

कशफने ऑफिसात बोलावलं. पेपरच्या वेबसाइटवर सातोएचा फोटो आणि वर माझं वाक्य. ‘आय विल गो अँड कम.’ लोकांना म्हणे फार आवडलं, टी-शर्टवर छापायचं चाललंय. तिला पुढच्या वर्षीचं आमंत्रण गेलं. आणि मला — सप्टेंबरपासून कायमची नोकरी. परदेशी खेळाडूंचं सगळं मी बघायचं. कार्ड मिळेल, टेबल मिळेल. सही पुढच्या महिन्यात. “यल्ला, मुबारक हो!”

मुरलीधर म्हणाला, “घरचं कसं जमवणार?” म्हटलं, बघू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जपानी खेळांच्या एका साइटवर बातमी सापडली. इथल्या पेपरवरूनच उचललेली. ‘हिरानुमा: मी पुन्हा येईन.’ खाली दोन ओळी — कंपनीने तिच्या जिद्दीचा मान राखून करार एक वर्षाने वाढवला आहे. तिचं वाक्य एकच: ‘सर्वांच्या अपेक्षांना उतरण्याचा प्रयत्न करीन.’

मी दियाला दाखवलं. म्हटलं, हे तुझ्या आईने केलं. एक वाक्य, आणि सगळी कंपनी गप्प! दिया बराच वेळ फोटो मोठा करून बघत होती. म्हणाली, “शी लुक्स टायर्ड, मॉम.” म्हटलं, एवढं पळाल्यावर तू कशी दिसशील?

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी भिकाजी आला. हातात हापूसच्या वड्या, गावाहून आलेल्या. म्हणाला, “वैनी, व्हिसा कॅन्सल केला. खलास. पुढच्या शुक्रवारी चाललो. कायमचा.” मी म्हटलं, चाललो काय म्हणता, येतो म्हणा. तो हसला नाही.

“वैनी, एक दाखवू? रागावू नका.”

फोन काढला. तिचे आणि त्याचे अ‍ॅपवरचे निरोप. ती गेल्यावरही चालूच होते. अ‍ॅपचं मराठी मोडकंतोडकं, पण कळायचं ते कळत होतं. जानेवारीतला एक, तो धुक्याच्या दिवसाचा — ‘आज सांगितले दुभाषीबाईला, आता पुरे. ती आनंदी झाली. कळले वाटते.’ पत्रकार परिषदेच्या आदल्या दिवशीचा — ‘तीन वर्षे शब्द तोंडातून निघत नाही. कंपनीने एवढे केले, मी कसे म्हणू नको. कान्तोकुला विनंती केली. स्मितासान उद्या म्हणेल. नंतर नऊ वाजता उठेन.’

मी म्हटलं, ही अ‍ॅपची चूक असेल. 

भिकाजीने पुढचा दाखवला, गेल्या आठवड्यातला. तिला त्याने विचारलं होतं, तुम्ही का नाही सांगत की ते चुकलं होतं? उत्तर — ‘सांगितले तर स्मितासानचे काम जाईल. एकोणीस वर्षांनी मिळाले आहे. एक वर्ष पळेन. दाइजोबु.’

दाइजोबु तेवढं अ‍ॅपने भाषांतर केलं नव्हतं.

“तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?” मी त्याच्यावरच ओरडले. तो म्हणाला, “विमानतळावर सांगत होतो ना वैनी. तुम्ही थांबा म्हणालात.” थोड्या वेळाने म्हणाला, “गावाहून निघताना येतो म्हणायचं, इथून निघताना पण येतो म्हणायचं. माणसाने जातो म्हणायचं तरी कुठे?”

वड्या टेबलावर आहेत. कान्तोकु रडले ते आठवतंय. त्यांना नाटकी म्हटलं मी. तिची नजर आठवतेय. तिला म्हणायचं होतं — म्हणा, लवकर म्हणा. आणि मी काय वाचलं? जे कोणीतरी माझ्यासाठी करायला हवं होतं, ते मी तिच्यावर करून मोकळी झाले. स्वतःची नोकरी सोडल्याचं दुःख तिच्या पायांत घातलं, तेही हाडं पिचलेल्या. वर तिचं मराठी दुरुस्त केलं! शाबास, स्मिता. दुभाषी म्हणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कशफला लेखी पाठवलं: ते वाक्य आणि ‘यस’ दोन्ही माझे, खेळाडूचे नव्हेत, खुलासा छापा. ती माझ्या नोकरीचं काय करेल ते ठाऊक आहे. जपानात सकाळची पळापळ संपलेली असेल अशा वेळी कान्तोकुंना फोन लावला आणि तेच सांगितलं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन सातोएकडे दिला.

माफीचं जपानी कागदावर लिहून ठेवलं होतं. एक अक्षर वाचता आलं नाही. मराठीतच म्हटलं, “जा.”

“जाते,” ती म्हणाली.

मी दुरुस्त केलं नाही.